लस्टर मधूनच रेंगाळतं तेव्हा: नेटवर्क खालून वर कसं तपासायचं

“सर, फाइल उघडूनच नाई राहिली.”

हे वाक्य इतक्यांदा ऐकलंय की पोरगं लॅबच्या दारात दिसलं की मी आधी टॉर्च हातात घेतो. टॉर्च कशाला, ते पुढे येईलच.

आमचं कॉलेज यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आहे. लॅबमध्ये लस्टर फाइल सिस्टमवर (अनेक सर्व्हरवर विखुरलेल्या फायली एकाच जागी असल्यासारख्या दाखवणारी व्यवस्था) चालणारा छोटा क्लस्टर आहे. एक मेटाडेटा सर्व्हर (फायलींची नावं आणि नोंदी ठेवणारा), चार स्टोरेज सर्व्हर, सोळा क्लायंट (त्या फायली वापरणारी मशीनं). स्टोरेज सर्व्हर सेकंडहँड घेतलेले, प्रत्येकावर एक ओएसटी, म्हणजे फायलींचा डेटा साठवायची जागा. सर्व्हर १० गिगाबिटवर, क्लायंट १ गिगाबिटवर. कपाशीच्या शेतांचे ड्रोननं काढलेले फोटो त्यावर असतात आणि पोरं त्यातून लाल्या आलेले पट्टे ओळखायचे प्रयोग करतात. एकेका शेताचे हजारो फोटो, त्यामुळे नेटवर्क जरा ढेपाळलं की लगेच बोंबाबोंब.

नागपूरहून माणूस बोलवायचा तर दीडशे किलोमीटर. तो येईस्तोवर दोन दिवस जातात, आणि आल्यावर पाच मिनिटांत एक केबल बदलून बिल हातात ठेवतो. असं तीनदा झाल्यावर मी स्वतःच शिकायला घेतलं. खालचा क्रम त्यातूनच बसला: फुकटचं आधी, खर्चाचं नंतर, आणि ज्याला आपण हात लावायचा नाही ते शेवटी.

आधी लक्षणं बघा

• काही फायली झटकन उघडतात, काही मिनिट-मिनिट घेतात. जी हळू ती प्रत्येक क्लायंटवरून हळूच.
• एकाच क्लायंटवर सगळं हळू, शेजारचा ठणठणीत.
• फोल्डरची यादी लगेच येते, छोट्या टेक्स्ट फायली उघडतात, पण मोठी फाइल कॉपी करायला घेतली की गोठते.
• एकटा बसला तर बरं चालतं, पाच जण बसले की सगळ्यांचंच बसतं.
• कर्नलच्या लॉगमध्ये एखाद्या ओएसटीचं कनेक्शन गेलं, थोड्या वेळानं परत आलं, पुन्हा गेलं, अशा ओळी दिसतात.

यातलं पहिलं लक्षण आमच्याकडे सगळ्यात जास्त येतं आणि तेच सगळ्यात जास्त फसवतं. पोरं म्हणतात फाइल करप्ट आहे. तसं नसतं. लस्टरमध्ये स्ट्राइप काउंट (एक फाइल किती ओएसटींवर वाटायची तो आकडा) मुद्दाम बदलला नसेल तर तो १ असतो, म्हणजे अख्खी फाइल एकाच ओएसटीवर बसते. चारपैकी एका सर्व्हरची केबल खराब झाली तर साधारण चारातली एक फाइल हळू होते आणि बाकीच्या तीन मजेत पळतात. हळू असलेल्या चार-पाच फायली घ्या, प्रत्येकीवर एलएफएस गेटस्ट्राइप ही कमांड चालवा आणि ओएसटीचा क्रमांक बघा. सगळ्या एकाच क्रमांकावर निघाल्या की अर्धी लढाई तिथंच जिंकली. कुठल्या सर्व्हरकडे टॉर्च घेऊन जायचं ते कळलं.

फायली चारही ओएसटींवर स्ट्राइप केलेल्या असतील तर मात्र हा सुगावा मिळत नाही. बंडीचा एक बैल लंगडला की दुसरा कितीही धट्टाकट्टा असला तरी बंडी लंगड्याच्याच चालीनं जाते. तसंच, चारातला एक तुकडा उशिरा आला की अख्खी फाइल उशिरा. तेव्हा सगळंच हळू दिसतं आणि माणूस फाइल सिस्टमला दोष देत बसतो.

मोजण्याआधी दोन गोष्टी

एक, बिट आणि बाइट. नेटवर्कची अवजारं बिटमध्ये सांगतात, फाइल कॉपी बाइटमध्ये. आठ बिटांचा एक बाइट. १ गिगाबिटच्या निरोगी लिंकवर आयपर्फ (नुसत्या नेटवर्कचा वेग मोजायचं अवजार) साधारण ९४० मेगाबिट दाखवतं, म्हणजे सेकंदाला ११७ मेगाबाइट. कॉपी करताना ११० दिसलं तर ती लिंक भरून वाहतेय, तक्रारीला जागा नाही. आणि ११ दिसलं तर लिंक १०० मेगाबिटवर घसरलीय, हे आकडा बघूनच सांगता येतं. हे दोन आकडे पाठ असले की निम्म्या तक्रारी खुर्चीवरून न उठता लावता येतात.

दोन, डीडी (फाइल लिहायची-वाचायची कमांड) लावून वेग मोजू नका, निदान आधी तरी नको. मागे एका पोरानं मला मोठ्या अभिमानानं सेकंदाला दोन गिगाबाइट दाखवले. १ गिगाबिटच्या केबलवरून! ती फाइल त्याच्याच मशीनच्या रॅममधून परत येत होती, नेटवर्कला शिवलीही नव्हती. उलटही होतं. डीडी हळू दिसला तर दोष केबलचा, डिस्कचा की स्विचचा, काहीच कळत नाही. म्हणून आधी डिस्क बाजूला ठेवून नुसतं नेटवर्क मोजायचं.

पहिली तपासणी: विचारा आणि बघा

खर्च शून्य. काल-परवा काय बदललं ते विचारा. लाईन गेली होती का, डीपी जळाली होती का, कुणी टेबल सरकवलं का, रंगारी आले होते का. आमच्याकडच्या बिघाडांपैकी बहुतेकांचा मुहूर्त लाईन जाऊन परत आल्यावरचाच. बिघाड आधीपासून लपलेला असतो. चालू असलेली लिंक कशीबशी टिकून राहते, पण स्विच बंद होऊन परत सुरू झाला की दोन्ही टोकांना वेग नव्यानं ठरवावा लागतो आणि तिथं कमजोर केबल उघडी पडते.

मग टॉर्च. रॅकच्या मागं जाऊन प्रत्येक पोर्टचा दिवा बघा. बऱ्याच स्विचवर गिगाबिटला एक रंग आणि १०० मेगाबिटला दुसरा असतो. कुठला रंग कशाचा ते स्विचच्या पुढच्या पत्र्यावर बारीक अक्षरात छापलेलं असतं. सोळा हिरव्यांत एक पिवळा दिसला की झालं काम.

दुसरी: लिंकचा वेग आणि चुकांची मोजणी

दिवे सगळे सारखे दिसले तरी ईथटूल (नेटवर्क कार्डाची माहिती देणारी कमांड) चालवाच. तीन गोष्टी बघा: वेग, डुप्लेक्स (डेटा दोन्ही दिशांनी एकाच वेळी जातो का), आणि कार्डाचे चुकांचे काउंटर, त्यातही सीआरसीचे (पाकीट वाटेत बिघडलं की वाढणारे).

गिगाबिटला केबलमधल्या चारही जोड्या लागतात, १०० मेगाबिटला दोनच पुरतात. म्हणून उंदरानं फक्त तपकिरी जोडी कुरतडली तर लिंक मरत नाही. बहुतेक कार्डं गुपचूप १०० वर उतरतात आणि चालत राहतात. वेब चालतं, पिंग चालतं, लॉगिन होतं. रडतो तो फक्त लस्टर. पूर्ण तुटलेली केबल मला परवडते, ती निदान खोटं तरी बोलत नाही.

डुप्लेक्स हाफ दिसला तर एका टोकाला कुणीतरी वेग हातानं ठरवून ठेवलाय आणि दुसरं टोक ऑटोवर आहे असं समजा. दोन्हीकडे ऑटो करा. तांब्याच्या गिगाबिटला ऑटो निगोशिएशन लागतंच, तिथं शहाणपण करायला जाऊ नये.

सीआरसीचा आकडा बघताना एक चूक सगळे करतात. ‘चार हजार चुका’ बघून घाबरतात. मशीन सहा महिने चालू असेल तर त्या कधी झाल्या कोण सांगणार? आकडा लिहून ठेवा, मोठी फाइल कॉपी करायला लावा, दहा मिनिटांनी परत बघा. वाढला तर बिघाड जिवंत आहे. नाही वाढला तर तो जुना इतिहास.

तिसरी: केबल, कनेक्टर आणि आमचा कूलर

इथं पहिल्यांदा थोडा खर्च येतो. चांगली म्हणून माहीत असलेली, कंपनीत बनलेली एक पॅच कॉर्ड कपाटात कायम ठेवा आणि ती कुणालाही देऊ नका. संशयित पोर्टवर ती लावा. बरं झालं तर केबल दोषी. नाही झालं तर तीच केबल स्विचच्या दुसऱ्या पोर्टवर लावा. तरी नाही, तर सर्व्हरचं कार्ड. एका वेळी एकच गोष्ट बदला. दोन एकदम बदलल्या आणि बरं झालं तर काय बिघडलं होतं ते कधीच कळत नाही, आणि खराब केबल परत कपाटात जाऊन बसते.

तालुक्याच्या दुकानात मिळणारी स्वस्त केबल घेताना ब्लेडनं एक तार खरवडून बघा. आतून पांढरी निघाली तर ती अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली. छोट्या अंतरावर चालते, लांब टाकली की रडते, आणि दोन-तीनदा वाकवली की आत तुटते. पूर्ण तांब्याची कॅट सहा घ्या. स्विचपासून यंत्रापर्यंतची लांबी, पॅच कॉर्डसकट, १०० मीटरच्या आत हवी.

आता कूलर. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात लॅबचा एसी बंद पडला. बाहेर पारा ४५ च्या वर. दोन दिवस सुट्टी घेऊन परत आलो तर क्लस्टर मेलेला नाही, पण आजारी. तीन पोर्टवर सीआरसीच्या चुका धडाधड वाढत होत्या. केबल एकदम तीन कशा जातील? स्विच गेला असं समजून मी किंमती विचारायला फोन पण लावला होता. मग रॅकमागं गेलो तर गालाला ओली हवा लागली. खिडकीत वाळ्याच्या ताट्यांचा भलामोठा कूलर, तोंड थेट रॅककडे.

शिपाई काका अगदी निरागसपणे म्हणाले, “तुमच्या मशीनीले थंड हवा पाह्यजे म्हनून मीनंच लावला ना सर.”

त्यांना काय बोलणार! कनेक्टर काढून टॉर्चखाली धरला. आठ सोनेरी पट्ट्यांपैकी काठच्या दोनांवर पांढुरकी, थोडी हिरवट साय धरलेली. आमच्याकडे बोअरचं पाणी जड. कूलर त्या पाण्याचे बारीक तुषार उडवतो, पाणी वाळतं आणि क्षार पट्ट्यांवर राहतात. त्या बाजूच्या सगळ्या पॅच कॉर्ड बदलल्या, स्विचचे पोर्ट इलेक्ट्रॉनिक कॉन्टॅक्ट क्लीनर मारून वाळवले. अर्थात स्विच बंद करून, प्लग काढून. तीनपैकी दोन पोर्ट सुधारले. तिसऱ्यावर मी टेप चिकटवली, तो आजतागायत बंद आहे.

सर्व्हर खोलीत कूलर नको. एसी नसेल तर दार उघडं ठेवून साधा पंखा लावा आणि अर्धे क्लायंट बंद करा, पण कूलर नको.

चौथी: वाहतूक योग्य रस्त्यानं जातेय का

लिंक ठीक आहे, चुका नाहीत, तरी हळू. आता एलनेट, म्हणजे लस्टरचा नेटवर्कचा थर. कुठला पत्ता कुठल्या कार्डावर बसलाय ते एलनेटसीटीएल कमांडच्या नेट शो मधून बघा. मग एका क्लायंटवरून प्रत्येक सर्व्हरला एलसीटीएल पिंग (लस्टरचं स्वतःचं पिंग) मारा. साधं पिंग जातं आणि एलसीटीएल पिंग अडकतं असं झालं तर ९९ टक्के फायरवॉल. टीसीपीवर (डेटा पोचल्याची खात्री करणारी नेटवर्कची पद्धत) लस्टर ९८८ पोर्ट (हे सॉफ्टवेअरचं दार, केबलचं नाही) वापरतं, ते दोन्ही बाजूंनी उघडं हवं. अपडेटनंतर फायरवॉल आपोआप सुरू झाल्याचं मी दोनदा पाहिलंय.

दुसरा घोळ जास्त छुपा आहे. सर्व्हरला १० गिगाबिटचं कार्ड आहेच, शिवाय मदरबोर्डवरचा १ गिगाबिटचा पोर्टही आहे. कुणीतरी घरून लॉगिन करता यावं म्हणून त्या पोर्टलाही केबल लावतं आणि त्याच रेंजमधला पत्ता देतं. आता एकाच सबनेटमध्ये सर्व्हरचे दोन पाय. लिनक्स पाठवायचा डेटा १ गिगाबिटच्या पायानं धाडू लागतो. एकट्या क्लायंटला फरक कळत नाही, कारण तो स्वतःच १ गिगाबिटवर आहे. पाच जण बसले की पाचांमध्ये मिळून ११७ मेगाबाइट. वरचं चौथं लक्षण आमच्याकडे एकदा नेमकं यातूनच आलं होतं. सर्व्हरवर आयपी राउट गेट आणि क्लायंटचा पत्ता टाका, बाहेर पडणाऱ्या कार्डाचं नाव समोर येतं. लॉगिनसाठीचा पोर्ट वेगळ्या सबनेटमध्ये टाका, विषय मिटला.

बाँडिंग केलेल्यांसाठी एक ओळ: दोन केबल जोडल्या म्हणून एका कनेक्शनचा वेग दुप्पट होत नाही. एलएसीपीमध्ये (केबल अशा एकत्र जोडायची पद्धत) एक टीसीपी कनेक्शन एकाच तारेवरून जातं. तो बिघाड नाही.

पाचवी: मोठं पाकीट जातं का

तिसऱ्या लक्षणासाठी, म्हणजे यादी येते पण मोठी फाइल गोठते, ही तपासणी. मृगाच्या पहिल्या पावसात वीज कडाडली आणि आमचा स्विच गेला. घाईत दुसरा आणला, केबल जशाच्या तशा लावल्या, दिवे लागले, पिंग गेलं, सगळे खूश. दुपारी तक्रार. आमच्या सगळ्या मशीनवर तेव्हा एमटीयू (एका पाकिटाचा कमाल आकार) ९००० होता आणि नव्या स्विचवर जम्बो फ्रेम, म्हणजे अशी मोठी पाकिटं, बंद होत्या. लहान पाकिटं पार होतात, मोठी स्विच गुपचूप टाकून देतो, ना निरोप ना चिठ्ठी.

पिंगला तुकडे करायला मनाई करून ८९७२ आकाराचं पाकीट पाठवा. ९००० मधून आयपीचे २० आणि आयसीएमपीचे ८ बाइट वजा केले की ८९७२ उरतात. एमटीयू १५०० असेल तर तोच हिशेब १४७२. हे प्रत्येक क्लायंटपासून प्रत्येक सर्व्हरपर्यंत करा, नुसतं एका जोडीवर थांबू नका.

त्या दिवसापासून आम्ही सगळीकडे १५०० वरच आलो. जम्बोनं १० गिगाबिटवर आयपर्फचा आकडा ९.४ वरून ९.९ होतो, हे खरं आहे. पण पाच सर्व्हरच्या गाड्यात त्या अर्ध्या गिगाबिटपायी रात्री जागणं मला परवडत नाही.

सहावी: आयपर्फ, दोघा-दोघांत

आता खरी मोजणी. सर्व्हरवर आयपर्फ तीन ऐकत ठेवा (५२०१ पोर्ट तेवढ्यापुरता उघडा), क्लायंटवरून तीस सेकंद चालवा. मग उलट दिशेनं तीस सेकंद. उलट दिशा विसरू नका. आमच्या एका सर्व्हरची १० गिगाबिटची डॅक केबल (दोन्ही टोकांना कनेक्टर पक्के बसवलेली तांब्याची केबल) घेताना ठीक, देताना आजारी होती. लिहायला झकास, वाचायला रडकुंडीला. त्या केबलमध्ये जाणारी आणि येणारी जोडी वेगळी असते, त्यामुळे असं होऊ शकतं.

१ गिगाबिटच्या क्लायंटला ९४० च्या आसपास हवंच. ९०० च्या खाली गेलं की मी थांबून कारण शोधतो. सर्व्हर ते सर्व्हर १० गिगाबिटवर एका प्रवाहात जुना सीपीयू दमू शकतो, म्हणून चार प्रवाह लावून एकूण बेरीज बघा. १० कडून १ कडे डेटा जाताना थोडे रिट्रान्समिट (परत पाठवलेली पाकिटं) दिसतात, तेवढ्यानं घाबरायचं कारण नाही. सारख्या वेगाच्या दोन टोकांमध्ये मात्र ते सतत दिसले तर परत तिसऱ्या तपासणीवर जा.

चारही सर्व्हर, सोळाही क्लायंट. कंटाळवाणं आहे, पण एकदा करा आणि आकडे लिहून ठेवा. सगळं धडधाकट असतानाचे आकडे मी पुठ्ठ्यावर स्केचपेननं लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेत. आजारी दिवसाचा आकडा कशाशी ताडायचा, हा प्रश्नच उरत नाही.

सातवी: एलनेट सेल्फटेस्ट

आयपर्फ फक्त टीसीपी मोजतं. लस्टर ज्या पद्धतीनं डेटा हलवतं, एकेक मेगाबाइटचे गठ्ठे, एका वेळी अनेक, ते मोजायला लस्टरसोबतच येणारं एलनेट सेल्फटेस्ट आहे. डेटा एका मशीनच्या मेमरीतून दुसऱ्याच्या मेमरीत जातो, डिस्कला स्पर्श होत नाही. म्हणून इथं जे दिसतं ते निव्वळ नेटवर्क.

चाचणीत घ्यायच्या प्रत्येक मशीनवर सेल्फटेस्टचं मॉड्यूल लोड करा. एकावर जरी विसरलात तरी ते मशीन ग्रुपमध्ये डाउन किंवा अननोन दिसतं आणि माणूस उगाच केबल शोधत बसतो. ज्या टर्मिनलवरून चालवणार तिथं सेशनचा व्हेरिएबल सेट करा, एलएसटीनं (सेल्फटेस्टची कमांड) नवं सेशन उघडा, सर्व्हरांचा एक ग्रुप, क्लायंटांचा एक ग्रुप, एक बॅच, आणि त्या बॅचमध्ये बल्क रीडची चाचणी: आकार १ मेगाबाइट, काँकरन्सी ८ (एका वेळी आठ गठ्ठे). बॅच चालवा, एलएसटी स्टॅट लावून आकडे बघा. मग तेच राइटसाठी. संपलं की सेशन बंद करा, नाहीतर पुढच्या वेळी जुनं सेशन आडवं येतं. मॉड्यूलही काढून टाका.

आणि हे रात्री करा. ही चाचणी नेटवर्क पूर्ण भरून टाकते. भर दुपारी चालवलं तर पोरांचं प्रॅक्टिकल बसतं. मी एकदा केलंय, एचओडी मॅडमनी सगळ्यांसमोर विचारलं, “कोण काय करून राहिलं?”

पायऱ्या तीन. पहिली, एक क्लायंट एक सर्व्हर: ११० मेगाबाइटच्या आसपास यायला हवं. आयपर्फ नीट आणि इथं कमी, तर घोळ एलनेटच्या सेटिंगमध्ये, ड्रायव्हरमध्ये किंवा सीपीयूमध्ये आहे. दुसरी, सोळा क्लायंट एक सर्व्हर: बेरीज १ गिगाबिटच्या कितीतरी वर जायला हवी. ११७ लाच अडकली तर चौथ्या तपासणीतला तो चुकीचा पाय आठवा.

तिसरी पायरी सगळ्यात बोलकी आणि आयपर्फला सहसा न सापडणारी: एक क्लायंट, चारही सर्व्हर एकदम, रीड. चार ठिकाणांहून १० गिगाबिटनं येणारा डेटा एका १ गिगाबिटच्या तोंडात शिरतो. बाजाराच्या दिवशी चारही रस्त्यांच्या बंड्या एकाच वेशीत घुसाव्यात तसं. स्विचची बफर मेमरी छोटी असेल तर पाकिटं सांडतात, टीसीपी परत पाठवतं, परत सांडतात. आमच्याकडे एकेकटा सर्व्हर ११२ देत होता आणि चारही मिळून ६०! चार जण मिळून एकट्यापेक्षा कमी. स्विचवर फ्लो कंट्रोल सुरू केल्यावर आकडा १०० च्या वर आला. पण त्याचीही किंमत आहे. एक मंद क्लायंट ‘थांबा’ म्हणाला की सर्व्हरचा पोर्ट सगळ्यांसाठीच थांबू शकतो. जमत असेल तर मोठ्या बफरचा स्विच घ्या. आमचं अजून जमलेलं नाही.

नेटवर्क निर्दोष निघालं तर

सेल्फटेस्टचे आकडे पुठ्ठ्याशी जुळतात आणि तरी लस्टर हळू, तर केबलचा पिच्छा सोडा. एलएफएस डीएफ बघा, एखादा ओएसटी काठोकाठ भरलाय का. रेडचं (अनेक डिस्कचा एकत्र संच) रीबिल्ड चालू आहे का. रॅकमध्ये एखादा डिस्कचा दिवा तांबडा आहे का. तांबडा असेल तर आधी बॅकअप, बाकी सगळं नंतर.

इथं थांबा आणि माणूस बोलवा

रॅकच्या पत्र्याला हात लागल्यावर झिणझिण्या आल्या तर लगेच बाजूला व्हा. हे नेटवर्कचं काम नाही, अर्थिंगचं आहे. परवानाधारक इलेक्ट्रिशियन येईपर्यंत रॅक, स्विच, केबल कशालाही हात लावू नका, कुणाला लावू देऊ नका. अर्थिंग तुटलेलं असताना नेटवर्क कार्डं एकामागून एक मरतात, हेही लक्षात असू द्या.

सर्व्हरचा आयपी पत्ता बदलायची वेळ आली तर थांबा. लस्टरच्या कॉन्फिगरेशनमध्ये सर्व्हरांचे पत्ते नोंदलेले असतात, ते बदलायचं काम सगळे क्लायंट उतरवून, ठरलेल्या क्रमानंच करावं लागतं. क्रम चुकला तर फाइल सिस्टम माउंटच होत नाही. मी ते स्वतः करत नाही आणि लाजतही नाही.

फायबर असेल तर टोकात डोळा घालून बघू नका. प्रकाश दिसत नाही म्हणून तो नसतो असं नाही. फायबर जोडणं, साफ करणं, तपासणं यांची अवजारं वेगळी असतात, ती ज्याच्याकडे आहेत त्यालाच बोलवा.

डिस्कच्या चुका लॉगमध्ये दिसायला लागल्या तर एफएससीके (फाइल सिस्टम तपासून दुरुस्त करायची कमांड) चालवायचा मोह आवरा. आणि दोन चांगल्या केबल, दोन वेगळे पोर्ट बदलूनही त्याच सर्व्हरवर सीआरसी वाढत राहिला तर कार्ड किंवा मदरबोर्ड आहे. त्याच्या पुढं आपलं काम नाही.

बोलवताना फोनवर नुसतं “स्लो आहे” म्हणू नका. हळू फायलींचा ओएसटी क्रमांक, दहा मिनिटांच्या अंतरानं घेतलेले सीआरसीचे दोन आकडे, दोन्ही दिशांचं आयपर्फ, सेल्फटेस्टच्या तिन्ही पायऱ्या आणि पुठ्ठ्यावरचे जुने आकडे वाचून दाखवा. मागच्या खेपेला मी एवढं वाचून दाखवलं तर नागपूरचा माणूस येताना पिशवीत डॅक केबल घेऊनच आला. केबल लावली, दोन्ही दिशांना आयपर्फ चालवलं, काकांच्या हातचा चहा घेतला आणि दुपारच्या एसटीनं परत गेला.